यादी कुणी लिहायची?

आपल्या भागात लग्न ठरलं की आधी कागद लागतो. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसतात, कुणीतरी वहीचं पान फाडतो आणि देण्याघेण्याची यादी होते. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे तर यादी करायला जमलेली मंडळी कधी कधी तिथल्या तिथे अक्षता टाकून मोकळी होतात. त्याला ‘यादी पे शादी’ असं नावच पडलं आहे. मंडपाचा, जेवणावळीचा खर्च वाचतो म्हणून त्याचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण ते शब्द एकदा नीट ऐका. शादी यादीवर उभी आहे.

माझ्या एका मैत्रिणीचं लग्न येत्या उन्हाळ्यात आहे. ती चकलांब्याचीच, शिकायला शहरात गेली. तिने मध्यंतरी घरच्यांसमोर विचारलं, की मी माझ्या मित्रमैत्रिणींसाठी वेडिंग रजिस्ट्री केली तर चालेल का? म्हणजे नव्या संसाराला काय काय लागणार आहे त्याची यादी आपणच करायची, ती मोबाईलवर पाठवायची, ज्याला जे परवडेल ते त्याने घ्यायचं आणि घेतलेल्या वस्तूवर खूण करायची, म्हणजे तीच वस्तू दुसरा आणत नाही. अमेरिकेत शिकागोच्या ‘मार्शल फील्ड्स’ या दुकानाने १९२४ मध्ये ही पद्धत सुरू केली असं सांगतात. दुकानाचा त्यात धंदा होता, हे उघड आहे. मैत्रिणीच्या घरी मात्र हशा पिकला. तिची खाला म्हणाली, “नवरीनेच तोंडानं मागायचं? लोक काय म्हणतील?”

मला हसू आलं नाही. नवऱ्या मुलाच्या घरून कपाट, पलंग, कूलर, फ्रीज, गाडी अशी यादी येते तेव्हा कुणी हसत नाही. तिला आपण ‘सामान’ म्हणतो, ‘जहेज’ म्हणतो. रोख रकमेला तर ‘जोडे की रकम’ असं गोंडस नाव आहे, जणू सगळा पैसा कपड्यांच्या एका जोडालाच लागतो. ही यादी पुरुष लिहितात, मुलीचा बाप वाचतो. ज्या मुलीच्या संसारासाठी ती लिहिली जाते तिला कुणी विचारत नाही, की बाई, तुला खरंच काय लागणार आहे? माझ्या मैत्रिणीने हा एकच बदल सुचवला होता: यादी तिने लिहावी आणि ती तिच्या बापाकडे जाऊ नये.

माझं अक्षर बरं आहे म्हणून दहावीपासून नात्यातल्या लग्नांत बायकांच्या बाजूची आहेराची वही माझ्याकडे येते. मंडपाच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची, पहिल्या पानावर वरती ७८६, खाली दोन उभ्या रेघा. फुप्पी येतात, मामी येतात, शेजारच्या काकू येतात. “लिही, उमापूरच्या, एकशे एक.” साडी असेल तर साडी, भांडं असेल तर भांडं. भांड्यावर दुकानातूनच नाव टाकून आणलेलं असतं, त्यामुळे तिथे देणाऱ्याचं नाव चुकण्याची भीती नाही. पुढे ही वही घरात सातबाऱ्याइतकी जपून ठेवतात. दुसऱ्या कुणाच्या लग्नाला निघायच्या आदल्या रात्री ती काढली जाते. त्यांनी आपल्याला किती घातले होते? पाचशे एक. मग आपण साडेपाचशे तरी घालायला हवेत. हातात पैसे नसतील तर बचत गटातून उचलायचे, पण घालायचे.

याला आहेर म्हणा नाहीतर न्योता म्हणा, हिशेब तोच. मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘बहिश्ती जेवर’मध्ये, त्याच्या रूढींवरच्या सहाव्या भागात, लग्नातल्या असल्या खर्चांवर आणि देण्याघेण्यावर कडक टीका केली आहे. न्योता हे एक प्रकारचं कर्जच आहे, हा त्यांचा आक्षेप. गंमत म्हणजे पुढे कितीतरी घरांत हेच पुस्तक मुलीला जहेजमध्ये द्यायची पद्धत पडली. आणि हे दुखणं एकट्या मुसलमानांचं किंवा एकट्या मराठवाड्याचं नाही. तमिळनाडूत याला ‘मोय’ म्हणतात. पुदुकोट्टई, तंजावरच्या पट्ट्यात तर लग्न नसतानाही मोय गोळा करायला जेवणावळी घातल्या जातात, वह्या लिहिल्या जातात आणि पुढच्याने ते परत करायचे असतात. २०२१ मध्ये मदुराईच्या एका लग्नात मोयसाठी पत्रिकेवर क्यूआर कोड छापला होता, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. कोड नवा होता, वही जुनीच होती.

आता एक बाजू मी वहीचीही घेते. अडीनडीला लग्न उभं राहतं ते या एकशे एक आणि पाचशे एकांच्या जोरावरच. ज्यांना बँक दारात उभं करत नाही त्यांची ही बँक आहे. म्हणून पत्रिकेवर ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ असं छापणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटत नाही. ज्यांच्या घरात सगळं आहे त्यांना ते छापणं सोपं जातं. चकलांब्यात, गेवराई तालुक्यातल्या कुठल्याही गावात, नव्या जोडप्याला वस्तू खरोखर लागतात. फक्त आपण देतो त्या लागत नाहीत.

एका मामेबहिणीच्या लग्नानंतर आम्ही सामान लावायला बसलो होतो. भिंतीवरची घड्याळं पाच. लेमन सेट सहा. काबा आणि मदिन्याच्या चौकटी तीन, त्यातली एक लाइटवर चमकणारी. काचेचे दोन डिनर सेट, न उघडलेले. ते पुढे दुसऱ्याच्या लग्नात जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून वरचा कागद कुणी फाडत नाही. वाट्या आणि डबे मोजलेच नाहीत. ती ज्या घरात जाणार होती तिथे दोन खोल्या आणि घड्याळ लावण्याजोगी एकच भिंत. (ती एकवीस वर्षांची होती. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या जिल्ह्यात ते गृहीत धरता येत नाही.)

तिचा नवरा ऊसतोडीला जातो. आपल्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. लग्नाचा खर्च या उचलीतून भागवला की पुढचा हंगाम फेडण्यात जातो. दिवाळीच्या सुमाराला तीही त्याच्याबरोबर कारखान्याला गेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काय चढलं? परात, तवा, दोन पातेली, पाण्याच्या घागरी. लेमन सेट माळ्यावर राहिले. घड्याळ एकही नेलं नाही. पहाटे उठवायला मुकादमाची हाक पुरते.

ती हंगाम संपवून परत आल्यावर मी तिला विचारलं, तुला आधी कुणी विचारलं असतं तर काय मागितलं असतंस? ती क्षणभरही थांबली नाही. कुलूप लागणारी पत्र्याची पेटी. न फाटणारी ताडपत्री. चार्जिंगची बॅटरी, रात्री कोपीबाहेर जायला. झाकणाचा ड्रम, कारण उघड्या पाण्यात पाचटाचा कचरा पडतो. एक जाड ब्लँकेट. मग थोडं थांबून म्हणाली, “आणि पेटीची चावी माझ्याकडे.” यातली प्रत्येक वस्तू दोन-तीन मैत्रिणींनी मिळून घेण्यासारखी आहे. गेवराईच्या बाजारात सगळ्या मिळतात. आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात त्या आल्या नाहीत, कारण चमकीच्या कागदात गुंडाळलेली ताडपत्री मंडपात शोभत नाही आणि वहीत ‘ताडपत्री एक’ असं लिहिलेलं बरं दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की शहरातल्या लोकांची ही रजिस्ट्री आपण खुशाल उचलावी, पण आपल्या पद्धतीने. दुकान नको, ॲप नको. दुलहन आणि दुल्हा दोघांनी बसून साध्या कागदावर दहा-पंधरा वस्तू लिहाव्यात. त्यात अडीचशे रुपयांची वस्तूही असावी आणि तिघा-चौघांनी मिळून घ्यायची एखादी मोठीही असावी. ज्यांना रोखच द्यायची आहे त्यांनी दुलहनच्या बँक खात्यावर टाकावी, सासऱ्यांच्या हातात नाही. हा कागद फक्त मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर जावा. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीच्या यादीत पुस्तकं आणि परीक्षेची फी असेल, शिवणकाम करणारीच्या यादीत पिको-फॉलचं मशीन असेल, ऊसतोडीला जाणारीच्या यादीत ताडपत्री असेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो खालाचाच: मग मागणं आणि मागणी यात फरक काय राहिला? प्रश्न खरा आहे. मुलाकडचे उद्या हेच म्हणतील, की आम्हीही रजिस्ट्रीच केली आहे, जमाना बदलला. माझ्या मते फरक दिशेत आहे. जी यादी एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाते, जी पुरी न झाल्यास मुलीला ऐकून घ्यावं लागतं, ती मागणी. तिला कितीही नवं नाव द्या. जी यादी जोडप्याकडून दोस्तांकडे जाते, जिच्यातलं काहीच आलं नाही तरी कुणाचं तोंड वाकडं होत नाही, ती नुसती माहिती. कायद्यानेही रेघ इथेच ओढली आहे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात मागणी न करता दिलेल्या भेटवस्तूंना मुभा आहे. मुलीकडच्यांनी दिलेल्या वस्तू असतील तर त्या रूढीप्रमाणे आणि ऐपतीत बसणाऱ्या असाव्या लागतात. मागणी केली तर निव्वळ मागण्यालाही शिक्षा आहे, मग वस्तू मिळो न मिळो.

दीनच्या बाजूने पाहिलं तरी नव्या जोडप्याला सगळ्यांनी मिळून हातभार लावणं आपल्याला परकं नाही. हजरत सफिया यांच्या निकाहाचा वलीमा प्रवासात झाला. ज्याच्याकडे जे असेल ते आणा, असं सांगितलं गेलं. कुणी खजूर आणले, कुणी तूप आणलं, कुणी सत्तू, आणि सगळं एका चामड्याच्या दस्तरखानावर एकत्र केलं गेलं. हजरत जैनब यांच्या लग्नाच्या वेळी उम्म सुलैम यांनी खजूर-तुपाचा हैस करून आपल्या मुलाच्या हाती पाठवला. घरात होतं ते दिलं. त्याची बेरीज करून परतफेड झाल्याचं कुठे वाचायला मिळत नाही.

पण जहेजचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच ‘जहेज-ए-फातिमी’ पुढे केला जातो. रसूलुल्लाहांनीही लेकीला सामान दिलंच होतं ना! ते सामान काय होतं तेही सांगा मग: एक चादर, पाण्याची मशक, गवत भरलेली चामड्याची उशी. आणि पैसे कुठून आले? हजरत अलींकडे द्यायला काही नव्हतं, तेव्हा त्यांच्या चिलखताची आठवण करून दिली गेली. ते मेहर म्हणून दिलं गेलं आणि ते विकून आलेल्या पैशांतून घराचं सामान घेतलं, असं सीरतच्या पुस्तकांत येतं. म्हणजे खर्च दुल्ह्याचा. शिवाय हजरत अली लहानपणापासून त्याच घरात वाढलेले. दोन्ही बाजूंचे वडीलधारे एकच. एवढ्या आधारावर आपण पलंग, कूलर आणि मोटारसायकल उभी केली आहे.

आणि इथे मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट येते. निकाहात देणं बंधनकारक आहे अशी भेट एकच, मेहर. सूरह अन-निसाच्या चौथ्या आयतीत ती खुशीने द्यायला सांगितली आहे. ती दुल्ह्याकडून दुलहनकडे जाते आणि पूर्णपणे तिची असते. हुंडाबंदी कायद्याच्या व्याख्येतूनही ती मुद्दाम वगळली आहे. प्रत्यक्षात काय होतं? काझी विचारतात, मुअज्जल की मुवज्जल. एक ताबडतोब द्यायची, दुसरी नंतर, आणि दोन्ही शब्द इतके सारखे ऐकू येतात की मंडपातल्या अर्ध्या लोकांना काय ठरलं ते कळतही नाही. बहुतेकदा ‘नंतर’ ठरतं. ते नंतर तलाकच्या वेळी येतं, नाहीतर जनाजा उचलताना बायकोकडून माफ करून घेतलं जातं. जे फर्ज नाही ते सामान निकाहाच्या आधी टेम्पोतून दारात उतरतं आणि जे फर्ज आहे ते उधार राहतं. कुणाला काय भेट द्यावी, असा प्रश्न मला एखाद्या दुल्ह्याने विचारला तर माझं उत्तर तयार आहे: मेहर रोख दे, आणि परवडेल तेवढीच बांध म्हणजे रोख देता येईल.

मित्रांच्या यादीचा कागद कितीही साधा असला तरी दुसरा एक कागद मात्र पक्का करावा लागेल. काय काय आलं त्याचा. १९८५ साली केंद्र सरकारने लग्नातल्या भेटवस्तूंच्या यादीचे नियम केले, २ ऑक्टोबर १९८५ पासून ते लागू आहेत. माझ्या पाहण्यातल्या एकाही लग्नात ते कुणी पाळलेले नाहीत. नियम साधे आहेत. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने ठेवायची, वराच्या वस्तूंची वराने. वस्तू कोणती, अंदाजे किंमत, कुणी दिली, देणारा नात्यातला असेल तर नातं काय. खाली वधू आणि वर दोघांच्या सह्या. तिला सही येत नसेल तर यादी वाचून दाखवायची आणि अंगठा घ्यायचा. आपली आहेराची वही पाहा. नाव आहे, गाव आहे, वस्तू आहे. राहिलंय ते एवढंच, की कुठली वस्तू कुणाची ते लिहिलेलं नाही आणि सह्या नाहीत. आपण ती लिहितो परतफेडीसाठी, त्यामुळे देणाऱ्याची नोंद पक्की होते आणि घेणारीची होतच नाही.

ही नोंद का लागते? १९८६ च्या कायद्यानुसार तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीला मेहरखेरीज लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर तिच्या नातेवाइकांनी, मैत्रिणींनी, नवऱ्याने वा त्याच्या माणसांनी दिलेल्या सगळ्या वस्तूंवर हक्क आहे. हक्क असून तो सिद्ध कसा करायचा? डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या एका बाईच्या बाजूने निकाल दिला. तिचं लग्न २००५ चं, तलाक २०११ चा. वडिलांनी लग्नात दिलेले ७ लाख रुपये आणि ३० भरी सोनं परत मिळावं, असं तिचं म्हणणं. सगळा वाद निकाहाच्या नोंदवहीतल्या एका नोंदीभोवती फिरला: हा ऐवज जावयाला दिला, की नुसता दिला? उच्च न्यायालयात ती हरली होती. शेवटी न्याय मिळाला, पण एका ओळीत ‘कुणाला’ हा शब्द नक्की नसल्याने तिची इतकी वर्षं गेली. तिच्याकडे निदान सोनं होतं, वकील होता. आपल्याकडच्या परात-पेटीसाठी सर्वोच्च न्यायालयात कोण जाणार?

म्हणून गावातल्या काझीसाहेबांना आणि जमातच्या मंडळींना माझी विनंती आहे, की निकाहनाम्यासोबत ही एक पानाची यादी जोडायला सुरुवात करा. वेगळा खर्च नाही, वेगळा कायदा नाही. तुम्ही मेहरची रक्कम मोठ्याने वाचता, तशी हीही वाचा. मुलाकडच्यांना ते अपमानाचं वाटेल असं काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. वहीत एकशे एक रुपये कुणी दिले ते लिहिताना कुणाचा अपमान झालेला मी आजवर पाहिला नाही.

मैत्रिणीची यादी शेवटी झाली. खालाने त्यात एक वस्तू स्वतःहून घातली, प्रेशर कुकर, पाच लिटरचा, आणि तो आपणच घेणार म्हणून खूणही केली. दुल्ह्याला यादी दाखवली तेव्हा त्याने दोन वस्तू खोडल्या, कारण त्या त्याच्या खोलीत आधीच आहेत. एका मैत्रिणीला मात्र लेमन सेटच द्यायचा आहे, कितीही सांगितलं तरी. तोही लिहून घेतलाय. वहीत या वेळी तिसरी रेघ मारणार आहे, ‘कुणाची’ म्हणून. सह्यांसाठी शेवटचं पान कोरं ठेवलं आहे. दोन प्रती काढायच्या आहेत. एक तिच्याजवळ, एक तिच्या अम्मीकडे.